मन लागत नाही, तरी तेफिल्ला करू का?

यावेळी आपल्या यहुदी सणांचे, लग्नाचे, कोशरचे म्हणजे खाण्यापिण्याच्या नियमांचे प्रश्न जवळजवळ नव्हतेच. सगळी पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होती, की रोजची भक्ती, तेफिल्ला म्हणजे प्रार्थना, टिकवायची कशी आणि विश्वासच डळमळला असेल तर ती करायची तरी का. म्हणून हा अंक त्यालाच दिलाय. आधीच सांगून टाकते, मी रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, हलाखाचा म्हणजे धर्मनियमाचा पक्का निर्णय हवा असेल तर तुमच्या रब्बींनाच विचारा. इथे मी जे वाचलंय आणि मला जे पटलंय ते लिहितेय. आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर असं आहे, नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

ताई, मी रोज सकाळची पूर्ण तेफिल्ला, शाखरित, करतो, एक दिवस चुकवत नाही. पण खरं सांगायचं तर तोंड चालू असतं आणि डोकं ऑफिसात. अमीदा, म्हणजे उभं राहून म्हणायची मुख्य तेफिल्ला, संपते तेव्हा कळतं की अरे, संपली. असं यांत्रिक करण्यापेक्षा न केलेलं बरं नाही का? मला हे ढोंग वाटायला लागलंय.

दादा, तुमच्याआधी हे कोणाकोणाचं झालंय ते ऐका. यरुशलेमी तालमुदात, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, बेराखोत नावाचा भाग आहे, त्यात मोठमोठे रब्बी एकेक करून कबुली देतात. रब्बी हिय्या म्हणतात, आयुष्यात माझं मन तेफिल्लेत कधी लागलंच नाही, एकदा मुद्दाम लावायला गेलो तर डोक्यात हेच आलं की दरबारात राजापुढे आधी कोण जाणार, तो बडा अंमलदार की आपल्या लोकांचा प्रमुख. शमुएल म्हणतात, मी पक्ष्यांची पिल्लं मोजत बसलो. रब्बी बून बर हिय्या म्हणतात, मी भिंतीतले विटांचे थर मोजले. आणि रब्बी मतन्या तर कमालच करतात, म्हणतात की मी माझ्या डोक्याचा आभारी आहे बाबा, अमीदातलं आभाराचं मोदीम आलं की ते आपलं आपणच वाकतं!

म्हणजे ज्यांच्या शब्दावर आपण आजही चालतो ते लोक विटा मोजत होते, आणि नंतरच्यांनी हे झाकून ठेवलं नाही, व्यवस्थित लिहून ठेवलं. मला तरी यात मोठा दिलासा वाटतो.

आता दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. मिश्नामध्ये, म्हणजे तालमुदाचा पाया असलेल्या जुन्या नियमसंग्रहात, रब्बी एलिएझर म्हणतात, जो आपली तेफिल्ला नुसती ठरीव करून टाकतो त्याची तेफिल्ला विनवणी राहत नाही. म्हणजे तुम्हाला जे टोचतंय ते त्यांनाही टोचलं होतं. पण त्याच मिश्नात शम्माय सांगतात की तोरा म्हणजे धर्मशास्त्र शिकायची वेळ ठरीव ठेव. ठरलेलं हवं आणि मनही हवं, या दोघांची ओढाताण जुनीच आहे, आणि आपल्याकडे कोणी असं म्हटलं नाही की मन लागत नसेल तर ठरलेलं सोडून दे आणि मन लागेपर्यंत थांब. मन लागायची वाट बघत बसलेला माणूस महिनोन्महिने बसून राहतो हो, आणि जो रोज उभा राहतो त्याचं दहातल्या एखाद्या दिवशी तरी लागतं, कारण तो तिथे हजर असतो.

नियम करणाऱ्यांनी मात्र माणूस ओळखून नियम केलाय. शेमा म्हणजे देव एकच आहे ही कबुली, त्याची पहिली ओळ मन लावूनच म्हणायची, ती तशी नाही झाली तर पुन्हा म्हणायची. अमीदात पहिली बेराखा म्हणजे आशीर्वचन लक्ष देऊन म्हणायची. आणि ती पहिलीसुद्धा लक्ष न देता गेली तर? मूळ नियमाने अमीदा पुन्हा करायला हवी, पण १६व्या शतकातले क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस लिहितात की आजकाल पुन्हा करायची नाही, कारण दुसऱ्या वेळी तरी लक्ष लागेल असं थोडंच आहे! हे वाचून मला दरवेळी हसू येतं. इतका स्वच्छ हिशोब.

तेव्हा अमीदातल्या १९च्या १९ बेराखा मन लावून म्हणायचा हट्ट सोडा, पहिली धरा. आणि ऑफिस डोक्यात येतंच आहे तर त्याला हाकलत बसू नका, त्याला जागा द्या. नववी बेराखा वर्षाच्या बरकतीची, पोटापाण्याची आहे, ऑफिसचं टेन्शन तिथे आणून ठेवा. घरात कोणी आजारी असेल तर आठवी आहे, बरं करण्याची. सोळाव्या बेराखात, जिथे देव तेफिल्ला ऐकतो असं म्हणतो, तिथे स्वतःच्या शब्दात स्वतःचं मागणं घालायची मुभा आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ज्या गोष्टीमुळे लक्ष उडतं तीच गोष्ट मागणं म्हणून त्या जागी ठेवली की निदान त्या दोन ओळी तरी तोंडातून नुसत्या जात नाहीत. आणि सुरू करायच्या आधी थोडं थांबा. जुने भक्त तेफिल्लेआधी एक तास शांत बसायचे असं मिश्नात आहे, एक तास आपल्याला कुठला जमायला, पण पावलं जुळवून एक मिनिट उभं राहणं जमतं.

आणि ढोंग म्हणाल तर ढोंग चारचौघांना दाखवायला करतात. तुम्ही एकटे उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहताय, कोणाला दाखवताय?

तेफिल्ला करताना फोन व्हायब्रेट झाला तर बघितलं तर चालतं का? खरंच अर्जंट असू शकतं ना.

मिश्ना म्हणते, अमीदा चालू असताना राजाने नमस्कार केला तरी उत्तर देऊ नये आणि टाचेला साप वेटोळं घालून बसला तरी मध्ये थांबू नये. त्यावर तालमुदात राव शेशेत म्हणतात, हे सापापुरतं, विंचू असेल तर थांबावं. आता तुमचा मेसेज विंचू आहे का हे तुम्हीच ठरवा. घरात पेशंट असेल, डॉक्टरच्या फोनची वाट असेल तर ती गोष्ट वेगळी, जिवावर बेतलं की बाकी नियम मागे पडतात. नाहीतर फोन दुसऱ्या खोलीत.

मी ३४ वर्षांची आहे. घरी शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार, विसाव्याचा दिवस) मेणबत्त्या आणि योम किप्पुरचा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास एवढंच होतं. हिब्रू वाचता येत नाही. आता रोज काहीतरी करावंसं वाटतंय पण सिद्दुर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, उघडला की पानं बघूनच दडपण येतं. सुरुवात कुठून करू?

सिद्दुर तूर्त बंदच ठेव. खरंच सांगतेय. पहिल्या पानापासून सुरू करणारे लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात असं मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी "सगळं करणार" म्हणालं की मला धडकीच भरते.

दोनच गोष्टी घे. उठल्या उठल्या मोदे अनी आणि झोपताना शेमा. मोदे अनी हिब्रूत १२ शब्दांचं आहे, बाईने म्हणताना मोदा अनी. अर्थ साधारण असा, की हे जिवंत आणि चिरंतन राजा, तू दया करून माझा आत्मा मला परत दिलास, मी तुझी आभारी आहे, तुझी निष्ठा थोर आहे. बस. यात देवाचं नाव येत नाही, म्हणून हात धुवायच्या आधी, अंथरुणातच, केस विस्कटलेले असताना म्हणता येतं. अलार्म बंद करून फोन हातात घ्यायच्या आधी म्हणायचं, कारण एकदा फोन हातात आला की मग कसलं मोदा अनी, तू मला सांगू नकोस.

झोपताना उजवा हात डोळ्यांवर ठेवून शेमाची पहिली ओळ. ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे. एक ओळ म्हणजे कमी वाटतं ना? ज्यांनी मिश्ना एकत्र केली ते रब्बी येहुदा हनासी, त्यांचं बघ. ते शिकवत असायचे आणि शेमाची वेळ व्हायची. त्यांचे एक शिष्य म्हणाले, मी तर त्यांना शेमा म्हणताना कधी बघितलंच नाही, तेव्हा दुसऱ्याने सांगितलं की अरे, ते तोंडावरून हात फिरवतात ना, तेव्हाच ते म्हणतात. आणि तालमुद सांगतो की ही पहिली ओळ हाच त्यांचा शेमा. रब्बींना एका ओळीवर चाललं तर तुलाही सध्या चालेल.

हिब्रूचं म्हणशील तर मिश्नात चक्क यादी दिलेली आहे, कुठल्या गोष्टी कुठल्याही भाषेत म्हणता येतात त्याची, आणि त्यात शेमा आहे, तेफिल्ला आहे, जेवणानंतरची बेराखाही आहे. तेव्हा मराठीत बिनधास्त म्हण. बाजूने एकेक ओळ हिब्रूत पाठ करत जा, कारण दहाजणांत उभी राहशील तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तेच शब्द असतात आणि त्यातली गंमत वेगळी आहे, पण येत नाही म्हणून थांबून राहू नकोस. आपल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी यहुदी, पूर्वजांबद्दल हेच सांगतात ना, पुस्तकं नव्हती, शिकवणारे नव्हते, बरंचसं विसरून गेलं होतं, पण शेमा तोंडात होता आणि शब्बाथ पाळला जात होता, तेवढ्यावर पिढ्या निघाल्या.

हे दोन अंगवळणी पडलं, म्हणजे न म्हणता झोपलं तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं, की मग तिसरं घे. मी म्हणेन खाण्याआधीच्या बेराखा घे, छोट्या असतात आणि दिवसातून कितीदा तरी संधी मिळते. कोणीतरी तुला सांगेलच की रब्बी मेइर म्हणतात दिवसाला १०० बेराखा म्हणाव्यात. बरोबर आहे, तसं आहेच, पण त्या १०० मधल्या ५७ तर तीन वेळच्या अमीदातूनच येतात, तू अजून अमीदाला पोचलेली नाहीस, तेव्हा आकड्याच्या मागे लागू नकोस. एक मात्र लवकर शिक, आशेर यात्सार. संडास-बाथरूमला जाऊन आल्यावर हात धुऊन म्हणायची ही बेराखा आहे, की शरीरात जी छिद्रं आणि पोकळ्या आहेत त्यातलं एक जरी उघडायचं ते बंद राहिलं किंवा बंद असायचं ते उघडलं तर माणूस तुझ्यासमोर उभा राहू शकणार नाही. लोकांना याचं हसू येतं. ज्याने एकदा कॅथेटर लावून हॉस्पिटलात दिवस काढलेत त्याला येत नाही.

आणि हो, "थोडं मोकळं झाले की नीट सुरू करते" हे वाक्य वापरू नकोस. जुने पंडित हिल्लेल म्हणून गेलेत, मोकळा झालो की शिकेन असं म्हणू नकोस, कदाचित मोकळा होणारच नाहीस.

ताई, आई गेली. तिच्या आजारपणात मी रोज तेहिलिम, म्हणजे स्तोत्रं, वाचत होते, एकही दिवस सोडला नाही. काही उपयोग झाला नाही. आता सिद्दुर हातात घेतला की राग येतो. भाऊ तिच्यासाठी काद्दिश ही दुखवट्यातली तेफिल्ला म्हणतो आणि मला आमेन म्हणावंसंही वाटत नाही. माझा विश्वास संपला का?

बाई गं, तुझं पत्र मी बरेच दिवस तसंच ठेवलं होतं. का झालं याचं उत्तर मी देणार नाही, माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात त्यांच्यापासून जरा लांबच राहा. इयोब, सगळं गमावलेला माणूस, त्याच्या पुस्तकात तेच आहे की. त्याचे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग तोंड उघडलं आणि त्याला कारणं सांगायला लागले, तुझंच काहीतरी चुकलं असणार वगैरे. शेवटी देव कोणावर रागावतो? त्या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर! आणि जो इयोब देवाला इतकं सुनावतो, त्याच्याबद्दल देव म्हणतो की हा माझ्याविषयी बरोबर बोलला.

आपल्या नियमांनाही दुःख कळतं. माणूस गेल्यापासून दफन होईपर्यंत जवळच्या माणसावर शेमाची, तेफिल्लेची, तेफिलिनची म्हणजे हातावर आणि कपाळावर बांधायच्या चामडी डब्यांची जबाबदारीच नसते. त्याचं मन तिथे नसणार हे धरूनच चाललेलं आहे. शिवात म्हणजे दुखवट्याच्या सात दिवसांत भेटायला येणाऱ्याने दुखवट्यातला माणूस बोलेपर्यंत स्वतः बोलायचं नाही. आता तुझे ते दिवस संपून गेलेत आणि जग म्हणतंय चला, पुन्हा सुरू करा, पण आतून तू अजून तिथेच बसलेली आहेस. होतं असं.

तू तेहिलिम वाचत होतीस म्हणून सांगते, ८८वं स्तोत्र पुन्हा काढ. बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, १३वं बघ, "किती काळ, परमेश्वरा, तू मला कायमचा विसरणार का" असं सुरू होऊन सहाव्या ओळीला गाण्यावर येतं. ८८वं वळतच नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी कसलाही दिलासा नाही. ते कोणी काढून टाकलं नाही, शेवटी दोन गोड ओळी जोडल्या नाहीत, इतर १४९ स्तोत्रांच्या शेजारी तसंच ठेवलंय. म्हणजे जिच्याकडे देवाला द्यायला फक्त तक्रार उरलीय तिच्यासाठीही पुस्तकात पान आहे. बेर्दिचेवचे रब्बी लेवी यित्सखाक तर देवाशी भांडण्यासाठीच प्रसिद्ध होते, आणि त्यांना कोणी अश्रद्ध म्हटलं नाही.

विश्वास संपला का, तर मला विचारशील तर नाही. संपला असता तर राग कोणावर आला असता? पण हे मी तुला पटवायला बसलेली नाही, कारण आज पटणार नाही.

करायचं एवढंच. सिद्दुर राहू दे बाजूला. ब्रेस्लावचे रब्बी नाखमान सांगायचे की रोज एकांतात, आपल्या घरच्या भाषेत, जे मनात आहे ते देवाला सांगावं, आणि शब्दच फुटत नसतील तर नुसतं "जगाच्या मालका" एवढंच म्हणत राहावं. तू भांड त्याच्याशी. मोठ्याने भांड, घरात कोणी नसताना. शुक्रवारी आईच्या आठवणीत डब्यात एक नाणं टाक, रब्बी एलाझार तेफिल्लेआधी गरिबाला नाणं द्यायचे आणि मगच उभे राहायचे, तू तूर्त नाण्यापर्यंतच थांब. काद्दिशच्या वेळी सिनेगॉगमध्ये जावंसं वाटलं तर जाऊन नुसती बस. काद्दिशमध्ये मरणाचा एक शब्दही नाही, आणि आईवडिलांसाठी ती ११ महिने म्हणतात, रोज, पुरे लोक जमवून, याचं कारण मला तरी असं वाटतं की एकटं राहून माणूस वाहवत जातो. आमेन आतून आलं तर म्हण, नाही आलं तर बाकीचे म्हणतायत.

आणि झोप, जेवण, काम यातलं काही बऱ्याच आठवड्यांपासून बिघडलेलं असेल तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. ते भक्तीच्या विरोधात नाही.

दोन लहान मुलं आहेत, एक अजून अंगावर पितं. पूर्वी नियमाने तेफिल्ला करायचे, आता आठ-आठ दिवस काहीच होत नाही आणि फार गिल्टी वाटतं.

गिल्टी वाटून घेऊ नका, आधी नियम नीट बघा. मिश्नात स्पष्ट आहे की बायकांना शेमाची आणि तेफिलिनची सक्ती नाही, तेफिल्लेची आहे. आणि तेफिल्ला म्हणजे किमान काय? मध्ययुगातले मोठे पंडित रामबाम यांच्या मते तोराचा मूळ हुकूम एवढाच, की दिवसातून एकदा देवाची स्तुती करावी, जे हवं ते मागावं, मिळालंय त्याबद्दल आभार मानावेत, आणि त्याला ठरलेले शब्द नाहीत. सकाळी हात धुतल्यावर बायका काहीतरी मागणं म्हणतात आणि पुष्कळजणी त्यावरच अवलंबून असतात असं नंतरच्या पंडितांनीही नोंदवलंय. तेव्हा बाळ अंगावर असताना तीन वाक्यं म्हणा, स्तुतीचं एक, मागण्याचं एक, आभाराचं एक. झालं. शास्त्रातली हन्ना आठवा, देवाकडे मूल मागत होती, तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता, एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे, आणि आपल्या अमीदाची पद्धत कोणावरून शिकले तर त्या बाईवरून. मुलं मोठी झाली की सिद्दुर तिथेच आहे, कुठे जात नाही.

मुलगा १९ वर्षांचा आहे. तेफिलिन घालायचं बंद केलंय. म्हणतो, देव आहे असं मला वाटतच नाही तर बोलू कोणाशी. त्याचे बाबा रोज त्यावरून ओरडतात. घरात शब्बाथचं जेवण म्हणजे युद्ध झालंय. मी काय करू?

वहिनी, पहिलं काम म्हणजे त्या जेवणाच्या टेबलावर तेफिलिनचा विषय बंद. तसंही शब्बाथला तेफिलिन घालत नाहीत, त्या दिवशी त्यावरून भांडायचं कारणच काय!

एलिशा बेन अबुया हे तालमुदातलं मोठं नाव, प्रचंड विद्वान, आणि त्यांनी सगळं सोडलं, इतकं की पुढे त्यांचं नावही न घेता "तो दुसरा" असं म्हणायचे. पण त्यांचे शिष्य रब्बी मेइर त्यांच्याकडून शिकत राहिले. एकदा शब्बाथच्या दिवशी एलिशा घोड्यावर बसून चाललेत, म्हणजे शब्बाथ उघड मोडतायत, आणि रब्बी मेइर घोड्यामागून पायी चालत त्यांच्याकडून तोरा शिकतायत. एका ठिकाणी एलिशा म्हणतात, मेइर, परत फिर, माझ्या घोड्याच्या पावलांवरून मी मोजलंय, शब्बाथला चालायची हद्द इथपर्यंतच. हे वाचा नीट. ज्याने सगळं सोडलंय तो पावलं मोजतोय, शिष्याचा शब्बाथ मोडू नये म्हणून. आणि शिष्य म्हणतो, तुम्हीही परत फिरा ना. ते फिरत नाहीत. गोष्टीत कोणी जिंकत नाही, पण दोघांचं बोलणं तुटलेलं नाही.

तेवढं तुमच्या घरात राहिलं तर पुष्कळ. मुलाला म्हणा, तुला काय वाटत नाही ते मला सांग, आणि मग खरंच ऐका, मधेच उत्तर देऊ नका. त्याला कोहेलेत वाचायला द्या, सगळं व्यर्थ आहे म्हणणारं पुस्तक आपल्याच तनाखमध्ये म्हणजे पवित्र ग्रंथात आहे, ते पवित्र लिखाणात धरायचं की नाही यावर रब्बींमध्ये वाद झाला होता आणि शेवटी धरलंच. जो प्रश्न विचारतो तो बाहेरचा, असं आपल्याकडे कधी नव्हतं.

आणि एक युक्ती सांगते, युक्ती म्हणजे फसवणूक नाही. कोणाकडे काद्दिशसाठी मिनयानला म्हणजे लागणाऱ्या दहाजणांत एक माणूस कमी पडत असेल तर त्याला सांगा, "तुझ्यावाचून नऊच होतायत, त्या माणसासाठी जाशील का?" दहा मोजताना कोणी कोणाला विचारत नाही की बाबा तू विश्वास ठेवतोस का. तो देवासाठी जाणार नाही, पण दुःखात असलेल्या शेजाऱ्यासाठी जाईल, १९ वर्षांची मुलं अशी असतात. गेला तर परत आल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका!! जेवायला वाढा फक्त. आणि यजमानांना हे पान वाचायला द्या.

मला शब्बाथ पाळायला सुरुवात करायचीय पण नवऱ्याला इंटरेस्ट नाही. शनिवारी तो कामावरही जातो. एकटीने कसं करू?

शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांची यादी आज काढू नका. शुक्रवारची संध्याकाळ एवढीच धरा, ती जेवण संपेपर्यंत. सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी दोन मेणबत्त्या, वेळ दर आठवड्याला आणि गावागणिक बदलते तेव्हा कॅलेंडर बघून आधीच लिहून ठेवा. मग किद्दुश म्हणजे शब्बाथचं स्वागत करणारी बेराखा, वाइन किंवा द्राक्षाच्या रसावर, तेही नसेल तर भाकरीवर होतं. मुलं असतील तर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद, मुलग्याला एफ्राईम आणि मनश्शेसारखा हो, मुलीला सारा, रिबका, राखेल, लेया यांच्यासारखी. फोन ड्रॉवरमध्ये.

नवऱ्याला लेक्चर देऊ नका, काम द्या. हे मी गमतीने म्हणत नाहीये. तालमुदात शब्बाथच्या तयारीत कोण काय करायचं त्याची यादीच आहे, आणि त्यात घरातल्या बायका नाहीत, मोठमोठे रब्बी आहेत. राव हिस्दा भाजी चिरायचे, रब्बी झेइरा जाळ करायचे, राव पापा वाती वळायचे, रावा स्वतः माशाला मीठ लावायचे. हाताखाली माणसं नव्हती म्हणून नाही, शब्बाथचा मान म्हणून. तेव्हा त्यांना म्हणा, तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर नको, शुक्रवारचा मासा तुमच्याकडे. ज्याने मासा केलाय तो जेवायला तरी वेळेवर बसतोच. आणि शनिवारी रात्री हव्दाला म्हणजे शब्बाथला निरोप द्यायचा विधी करा, दोन-तीन वातींची मेणबत्ती, मसाल्याचा वास, सगळ्यांच्या हातात काहीतरी, दहा मिनिटांत होतं आणि मुलांना शब्बाथपेक्षा तेच जास्त आवडतं असं मी बऱ्याच घरांत बघितलंय.

दाफ योमी म्हणजे रोज तालमुदाचं एक पान वाचणं सुरू केलं होतं, बेराखोत पूर्ण केलं, पुढे गाडी अडली. आता इतकी पानं मागे राहिलीत की बघवत नाही. सोडून देऊ का?

दाफ योमी सोडा, शिकणं सोडू नका. रब्बी मेइर शापिरो यांनी १९२३ मध्ये ही कल्पना मांडली, की जगभर सगळ्यांनी रोज तालमुदाचं एकच पान वाचायचं, २७११ पानं, साडेसात वर्षं. कल्पना जबरदस्त आहे, पण ती लांब पल्ल्याची आहे आणि सगळ्यांचा दम सारखा नसतो. पुन्हा त्यात शिरायचं असेल तर आजच्या पानावर शिरा, मागची पानं कोणी मोजायला येत नाही. नाहीतर सरळ आठवड्याची पाराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा उतारा, घ्या. ती सात भागांत आधीच वाटलेली असते, रविवारी पहिला भाग, सोमवारी दुसरा, असं करत शब्बाथला सातवा, एकेक भाग पाव तासात वाचून होतो, मराठी बायबलमधून वाचला तरी सुरुवातीला चालेल. मंगळवार चुकला तर बुधवारी बुधवारचाच भाग वाचा. मंगळवारचा भरून काढायला गेलात की शुक्रवारपर्यंत तीन थकतात आणि मग पुन्हा मला पत्र लिहाल.